सरकार, मुलगी आणि आम्ही

वडोदऱ्याच्या कमाटीबागेत रोज सकाळी साडेसहाच्या सुमारास आम्ही पाच जण एका बाकावर जमतो. बागेचे कागदोपत्री नाव सयाजीबाग. परंतु जुन्या मंडळींच्या तोंडी अजून कमाटीबागच आहे. फिरावयास जातो असे घरी सांगतो खरे, पण पायांपेक्षा जिभेलाच व्यायाम अधिक होतो. चौघे निवृत्त आणि पाचवे कापडाचे व्यापारी. व्यापारी माणूस निवृत्त कधीच होत नाही. तो फक्त दुकान उशिरा उघडू लागतो.

हल्लीच्या मुलामुलींनी काय करावे आणि त्यासाठी सरकारने काय करावे, हा आमचा आवडता विषय. रेल्वेत जन्म घालवलेल्या स्नेह्यांचे मत असे की, मुलांना शिकवले सरकारने, तेव्हा त्यांना काम देणे हेही सरकारचेच कर्तव्य. व्यापारी म्हणतात, सरकारने रस्ते आणि वीज द्यावी व बाजूला उभे राहावे. पुढचे माणूस पाहून घेतो. मास्तरांच्या मते दोष सरकारचाही नाही नि बाजाराचाही नाही. मुलांना घाम गाळावयास नको, सर्वांना पंख्याखालची खुर्ची हवी. बँकेतले गृहस्थ सर्वांचे ऐकून घेतात आणि शेवटी म्हणतात, "ज्याची त्याची आवड!" मग सारेजण माझ्याकडे पाहतात. माझी हयात एका जिल्ह्याच्या रोजगार कचेरीत गेली असल्यामुळे या खटल्यात न्यायाधीश मीच, हे जणू ठरूनच गेले आहे.

या कचेऱ्या आपल्या देशात १९४५ साली निघाल्या, त्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना काम मिळवून देण्यासाठी. पुढे त्या सर्वांना खुल्या झाल्या आणि १९५६ साली त्यांचा रोजचा कारभार राज्यांकडे आला. १९५९ च्या कायद्याने सरकारी कचेऱ्यांवर आणि मोठ्या खाजगी कारखान्यांवर रिकाम्या जागा आम्हांला कळवण्याचे बंधन घातले. जागा कळवण्याचे; आमच्याच यादीतून माणूस घेण्याचे नव्हे. हा बारीक फरक खिडकीपुढच्या रांगेला समजावून सांगण्यात माझी पस्तीस वर्षे गेली, असे म्हटले तरी चालेल. नाव घातले की रेशनच्या दुकानासारखा आपला नंबर केव्हातरी लागणारच, अशी लोकांची समजूत. मुलाला हाताशी धरून आई येई आणि विचारी, "साहेब, याचा नंबर कधी?" १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, केवळ रोजगार कचेरीने पाठवलेल्या नावांवर न थांबता जागांची जाहिरातही द्यावी आणि इतर अर्जदारांचाही विचार करावा. झाले ते न्याय्यच होते. परंतु आमच्या खिडकीचे महत्त्व त्यानंतर ओसरत गेले.

त्या खिडकीतून मी असंख्य तरुणांना एकच उपदेश केला. "बाळा, सरकारी नोकरीची वाट पाहत बसू नकोस. हाताला काही कसब असू दे. मनाला पटेल ते काम धर." उपदेश चांगला होता. दुसऱ्याच्या मुलाला केलेला उपदेश बहुधा चांगलाच असतो.

गेल्या मे महिन्यात हा प्रश्न बागेतल्या बाकावरून उठून आमच्या जेवणाच्या पाटावर येऊन बसला. आमची धाकटी लेक अठ्ठावीस वर्षांची. बी.एस्सी. झाल्यापासून ती स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करीत होती. दोनदा पहिली पायरी ओलांडली आणि दुसरीवर अडली. या परीक्षांचे गणित किती निष्ठुर असते पाहा. २०२३ च्या केंद्रीय नागरी सेवा परीक्षेला दहा लाखांहून अधिक अर्ज आले आणि शेवटी शिफारस झाली १,०१६ जणांची. हजारात एक! तरी खुल्या वर्गातल्या उमेदवाराला वयाच्या बत्तिसाव्या वर्षापर्यंत सहा वेळा बसता येते. तिचे चार प्रयत्न झाले होते. उरलेले दोन आम्ही मनातल्या मनात पुढच्या पंचांगात मांडूनही ठेवले होते.

त्या रात्री जेवताना ती म्हणाली, "बाबा, मी पुढचा फॉर्म भरणार नाही. आयटीआयमध्ये सौर विजेच्या कामाचा एक वर्षाचा वर्ग आहे. त्याची चौकशी करून, अर्ज भरून आले आहे."

सौ.च्या हातातला आमटीचा डाव तसाच राहिला. मी म्हणालो, "म्हणजे पदवीधर होऊन तू लोकांच्या छपरांवर चढणार? आणि आम्ही लोकांना काय सांगायचे?"

ती शांतपणे म्हणाली, "बाबा, खिडकीवर बसून तुम्ही इतकी वर्षे सर्वांना हेच सांगत होता ना?"

"ती लोकांची मुले होती," मी म्हणालो.

शब्द तोंडातून गेले आणि माझे मलाच ते ऐकू आले. ती काही बोलली नाही. ताट उचलून आत गेली.

रात्री झोप लागेना. सौ.ही जागीच होती. ती म्हणाली, "अहो, मी दोन वर्षे पाहते आहे. रात्री दोन वाजता तिच्या खोलीत दिवा असतो. पुस्तक उघडे असते आणि पोरगी भिंतीकडे पाहत बसलेली असते. तुम्हांला सांगितले नाही, कारण तुम्ही म्हणाला असता, अजून दोन प्रयत्न आहेत." मी तेच म्हणालो असतो.

मग मला १९८० साल आठवले. मामांचे रेडिओ दुरुस्तीचे लहानसे दुकान होते. तारेला डाख देण्यात माझा हात चांगला बसला होता आणि मुका झालेला रेडिओ पुन्हा बोलू लागला म्हणजे जो आनंद होई, तो पुढे कोणत्याही फाइलीने दिला नाही. तोच नेमणुकीचे पत्र आले. आमच्या अप्पांनी पेढे वाटले आणि मला एकच वाक्य ऐकवले, "दुकान पडते; सरकार पडत नाही." आदल्या वर्षीच दिल्लीत दोन सरकारे पडली होती! पण अप्पांचे सरकार म्हणजे मंत्री नव्हेत, तर महिन्याच्या एक तारखेचा पगार.

अप्पा चुकले, असे मी म्हणणार नाही. पुढे मामांचे दुकान खरोखरच बंद पडले. १९९२ साली सौ. चार महिने अंथरुणाला खिळली, तेव्हा औषधोपचार निभावला तो त्या एक तारखेच्या पगारावर. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण आपल्या लोकांनी उलटी केली, ती आळसापोटी नव्हे. पावसाने फसवलेल्या शेतकऱ्याचा मुलगा बिनभरवशाच्या उत्पन्नाला भितो, यात नवल ते काय? शिवाय गुणांच्या यादीत कोणाचा मुलगा, कोणत्या आळीतला, हे विचारले जात नाही. मुलीला बाळंतपणाची रजा मिळते आणि परत आल्यावर तिची जागा तिथेच असते. निवृत्तिवेतनाची जुनी रीत १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नव्या नोकरदारांसाठी बदलली, तरी अर्जांचे ढीग कमी झाले नाहीत. लोक खुर्ची मागत नाहीत, मास्तर. पायाखाली जमीन मागतात.

मग सरकारने करावे तरी काय? नोकरीत असताना कामापुरती राज्यघटना चाळली होती, तीतली तीन कलमे मला नेहमी एकत्र आठवतात. एकोणिसावे कलम नागरिकाला कोणताही व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य देते. सोळावे सरकारी नोकरीत समान संधी देते. आणि एकेचाळिसावे सांगते की, राज्याने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत कामाच्या हक्कासाठी परिणामकारक तरतूद करावी. हे शेवटचे मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नाही. एकात निवड आहे, दुसऱ्यात न्याय आहे, तिसऱ्यात आधार आहे. बाकावरचे आम्ही पाच जण यांतले एकेक कलम हाती धरून भांडतो, आणि प्रत्येकाला वाटते की पुरी घटना आपल्याच हाती आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी एकटाच बागेत गेलो. याच बागेने १९१७ साली एक प्रसंग पाहिला आहे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली भीमराव आंबेडकर अमेरिकेस गेले. शिकून आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, असा करार होता. करार पाळण्यासाठी ते वडोदऱ्यास आले, कचेरीत रुजू झाले; पण साऱ्या शहरात त्यांना राहावयास खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तेथूनही त्यांना लोकांनी हाकलले. अखेर शहर सोडण्यापूर्वीचे काही तास त्यांनी या बागेत काढले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

त्याच १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. फाळके काही काळ याच शहरातल्या कलाभवनात शिकले. हातातली कला शिकवणारी ती संस्था सयाजीरावांनी १८९० साली काढली होती. पुढे फाळके सरकारच्या पुरातत्त्व खात्यात लागले आणि ती नोकरी सोडून आपल्या वाटेने गेले. ते निभावले, कारण घर पाठीशी होते. सरस्वतीबाई चित्रपटाच्या फिती धूत होत्या आणि काम करणाऱ्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही करीत होत्या.

माझ्या घरातली कुरबुर या थोरांच्या कथेशेजारी ठेवण्याचा अविचार मी करणार नाही. विशेषतः पहिला प्रसंग हा आपल्या समाजाचा अपराध आहे. त्याची तुलना कशाशीच होत नाही. परंतु त्या पहाटे मला एक गोष्ट लख्ख दिसली. सरकार आणि व्यक्ती या दोघांवर आम्ही बाकावर वर्षानुवर्षे भांडत आलो. त्या दोघांच्या मध्ये उभा असलेला तिसरा आम्ही कधी मोजलाच नाही. तो तिसरा म्हणजे घर, आळी, नातेवाईक. शिष्यवृत्ती देता येते, शाळा काढता येते, कायदा करता येतो. पण उंबरठ्यावर आपणच आडवे उभे राहिलो, तर उघडलेल्या दाराचा उपयोग काय? माझ्या मुलीला सरकारने अडवले नव्हते. आयटीआयने तिचा अर्ज मुकाट्याने घेतला होता. अडवले होते ते "लोकांना काय सांगायचे" असे विचारणाऱ्या एका निवृत्त रोजगार अधिकाऱ्याने.

घरी येऊन मी तिला म्हणालो, "बैस. समजा, तू माझ्या खिडकीपुढे आली आहेस. आता मी विचारतो ते सांग." तिने एक वही आणली. शहरात हे काम करणाऱ्या तीन ठेकेदारांना ती भेटून आली होती. शिकाऊ उमेदवाराला काय मिळते, पावसाळ्यात काम किती थंडावते, अंगावरच्या सुरक्षेच्या पट्ट्याला काय पडते, सारे लिहिलेले होते. २०२४ साली केंद्र सरकारने घरांच्या छपरांवरील सौर विजेसाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदानाची योजना सुरू केली, तेव्हापासून काम वाढले, असेही तिने टिपले होते. मी विचारले, "आणि उद्या अनुदान बंद झाले तर?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ते मला माहीत नाही, बाबा. पण वायरिंग येत असलेला माणूस दुसरे काही करू शकतो. परीक्षेचा अभ्यास येत असलेल्या माणसाला फक्त परीक्षाच देता येते."

या उत्तरात माझ्या खिडकीच्या जुन्या उपदेशापेक्षा अधिक शहाणपण होते. मी म्हणालो, "दोन वर्षे करून पाहा. तोवर हे घर आहे, माझे निवृत्तिवेतन आहे."

दोन दिवसांनी बाकावर मास्तरांनी नेहमीप्रमाणे विचारले, "काय, धाकटीचे काय चालले आहे?" पाच वर्षे मी "परीक्षा देते आहे" असे सांगत आलो होतो, आणि त्यावर सर्वजण आदराने मान डोलवीत. या वेळी मी खरे ते सांगितले. क्षणभर कोणी बोलले नाही. मग व्यापारी म्हणाले, "उत्तम! आमच्या घराच्या छपराचे पहिले काम तिलाच देतो." बँकेतले गृहस्थ म्हणाले, "ज्याची त्याची आवड!" रेल्वेवाले मात्र हळूच म्हणाले, "तुमचे पेन्शन आहे म्हणून जमले हो. आमच्या गल्लीतल्या रिक्षावाल्याच्या मुलीने चार वर्षांनी हेच म्हटले असते, तर तिच्या बापाने कोणत्या बळावर हो म्हणावे?"

त्यांचे म्हणणे खरे होते. अप्पांनी मला ज्या नोकरीत ढकलले, तिच्याच पायावर माझ्या मुलीला आज नोकरी नाकारता आली. माझ्या घरापुरता उंबरठा मी मोकळा केला. पण ज्या घरात पडल्यावर सावरणारे कोणी नाही, तेथे नुसते 'आवडीचे काम निवड' म्हणणे ही थट्टाच होय. तेथे विद्यावेतन देणारी शिकाऊ उमेदवारी हवी, अल्प व्याजाचे कर्ज हवे, आजारपणाची सोय हवी. एकेचाळिसाव्या कलमाचे काम तेथे सुरू होते. कोणी कोणते काम करावे हे सरकारने ठरवू नये, हे मला पूर्वीच पटले होते. चुकण्याची मोकळीक मात्र गरिबाच्या मुलीलाही असली पाहिजे, हे मला त्या सकाळी रेल्वेवाल्यांनी शिकवले.

त्या दिवशी खटल्याचा निकाल मी दिला नाही. व्यापाऱ्यांना दुकान उघडायचे होते, आणि मला आठ वाजेपर्यंत घरी पोहोचायचे होते. धाकटीचा वर्ग साडेआठला सुरू होतो आणि बसथांब्यापर्यंत मी तिच्याबरोबर चालत जातो.