गालातल्या पेशी वाचताना

सुरतेच्या लिंबायत, उधना भागात लूमवर काम करणारी खानदेशी माणसं पुष्कळ. लांबलचक पाळी, आणि जागं राहायला गालात मावा नाहीतर चुना लावलेली तंबाखू. त्या गालातल्या पेशी तपासणं हे माझं काम.

आधी चूळ भरायला लावायची, मग ओल्या लाकडी पट्टीने गाल आतून हलकेच खरवडायचा. रंगासाठी बरेचजण झटपट होणारा गिम्सा घेतात. मी फॉयल्गेनच घेते. आधी आम्ल, मग अंधारात शिफचं द्रावण, असा वेळ जातो खरा. पण तो रंग फक्त डीएनएला धरतो. गिम्साने केराटिनचे कणही रंगतात आणि नसलेले मायक्रोन्यूक्लिअस दिसू लागतात. मायक्रोन्यूक्लिअस म्हणून शोधायचा असतो एक किरमिजी ठिपका: केंद्रकाच्या शेजारी, त्याच रंगाचा, त्याच फोकसला, व्यासाने त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून लहान. हजार पेशी पाहाव्यात तेव्हा मोजकेच हाती लागतात. शंका आली तर मी तो मोजत नाही.

हा ठिपका बनतो कसा? डीएनएचे दोन्ही धागे तुटले की पेशीला ते कळतं. एमआरएन प्रथिनं तुटकी टोकं धरतात, एटीएम हे प्रथिन जागं होतं, पी53 विभाजन रोखून धरतं. दुरुस्ती तरी होते, नाहीतर पेशी मरते. तरीही कधी तुटका तुकडा घेऊनच विभाजन उरकतं. ओढायला पकड देणारं सेंट्रोमिअर नसल्याने तुकडा ओढला जात नाही, मागे राहतो आणि त्याच्याभोवती वेगळं आवरण बनतं. ते आवरण कच्चं असतं. फाटलं की सीगॅस हे प्रथिन उघड्या डीएनएला चिकटतं आणि विषाणू शिरल्यावर द्यायचा इशारा पेशी स्वतःच्याच तुकड्यावर देते. 2017मध्ये हे सिद्ध झालं, तेव्हापासून त्या ठिपक्याला मी निव्वळ उरलंसुरलं समजत नाही.

गालाच्या पेशी खालच्या थरात विभागून वर यायला एक ते तीन आठवडे घेतात. म्हणजे स्लाइडवर दिसतं ते मागचं नुकसान.

"ताई, कॅन्सर तर नाही ना?" हा प्रश्न ठरलेला. एकट्या माणसाबद्दल ठिपके मोजून ते सांगता येत नाही आणि सांगू नये. हान्स स्टिश यांनी 1980च्या दशकात विडा खाणाऱ्यांवर ही चाचणी केली तीही गटांची तुलना करायला. मी विचारते, तोंड पूर्ण उघडतं का, पांढरा चट्टा आहे का, न भरणारी जखम? असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवते. तंबाखू सोडून नुसती सुपारी चालेल, असं अनेकांना वाटतं. चालत नाही, सुपारी एकटीही कॅन्सरकारक आहे.