ठेव

चार मित्र एकत्र आले की काहीतरी काढतात. कुणी दिवाळी अंक, कुणी पतपेढी. आम्ही २०२१च्या पावसाळ्यात अ‍ॅप काढायचे ठरवले.

आम्ही म्हणजे उमरग्यात एकत्र शिकलेले पाच जण. दोघे मराठी शिकवतो, एकाचे बियाण्यांचे दुकान आहे, एक बँकेत आहे, आणि एक पुण्यात संगणकाच्या कामात. या शेवटच्याच्या जिवावर सारा उद्योग. महासाथीने भेटी बंद पाडल्या होत्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचा आमचा गट सुप्रभात आणि निधनवार्ता यांनी भरून गेला होता. त्यात थट्टेला जागा उरली नव्हती, आणि आमची मैत्री तर थट्टेवरच उभी.

वहीच्या पाठकोऱ्या पानांवर आराखडा तयार झाला. सभासद पाचच. फोटोला उत्तर फोटोनेच द्यायचे. बोटाने मिशा काढण्याची मुभा. मुख्य खेळ असा, की आधी फोटोचा एक कोपरा दिसेल, इतरांनी तो कशाचा ते ओळखायचे, मग उरलेला भाग उलगडेल. कोड्या-उखाण्यांत वाढलेल्या माणसांना हे शिकवावे लागत नाही. चाचणी म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरच तुकडे कापून पाठवले. दुकानदार मित्राचा काळा, ओला, चकाकता तुकडा आम्ही नळदुर्गच्या पाणीमहालाचा दगड ठरवला, नर-मादी धबधब्यांवर दोन दिवस वाद घातला, निघाली म्हैस.

पेच पुढेच होता. पाहून झाल्यावर फोटो राहावा की नाहीसा व्हावा? नाहीसा व्हावा, असे आम्हां चौघांचे मत. स्नॅपचॅटची २०११मधली मूळ कल्पना हीच : फोटो एक ते दहा सेकंद दिसणार आणि जाणार. टिकणार नाही म्हटल्यावर माणूस वेडेवाकडे तोंड करायला धजतो. (स्क्रीनशॉट काढून तो ठेवता येतो, हा भाग वेगळा, ‘कायमचा नाहीसा होतो’ या दाव्यावरून अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१४मध्ये त्या कंपनीला धारेवर धरलेच.) त्याच ऑगस्टात व्हॉट्सअ‍ॅपनेही एकदाच दिसणाऱ्या फोटोची सोय आणली, तेव्हा आपण काळाच्या बरोबर आहोत, असा आमचा समज झाला.

बँकेतला मित्र मात्र गप्प होता. तो सास्तूरचा. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, भूकंप झाला तेव्हा तो सहा वर्षांचा होता. जाड दगडी भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद. त्या घरांखाली लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली हजारो माणसे गेली. त्याची आई गेली. आईचा एकच फोटो होता, लग्नातला, तोही गेला. पुनर्वसनाच्या नव्या घरात भिंतीवर लावायला काही नव्हते. हे आम्हांला पंधरा वर्षे ठाऊक होते, तरी चर्चा करताना आठवले नाही. तो एवढेच म्हणाला, “तुमच्याकडं ठिवलेलं हाय, म्हणून तुमाला पुसायची हौस यायलीय.”

रोलाँ बार्थच्या ‘कॅमेरा ल्युसिडा’त (१९८०) आईच्या बालपणीच्या ज्या फोटोवर सारे विवेचन उभे आहे, तो फोटोच छापलेला नाही. आम्ही वर्गात हे लेखकाच्या संयमाचे उदाहरण म्हणून सांगत आलो. बार्थने तो छापला नाही, पण त्याच्यापाशी तो होता, हे कधी लक्षातच घेतले नव्हते.

मग एक बटण वाढवले. फोटो जाईलच, पण पाहणाऱ्याने ते दाबले तर त्याच्यापुरता राहील, आणि पाठवणाऱ्याला ते कळेल. नावावर फार खल झाला नाही. ‘ठेव’ : क्रियापद म्हणूनही चालते, नाम म्हणूनही, आणि बँकवाल्याला परके नाही.

अ‍ॅप ओबडधोबड बनले, तीनेक आठवडे चालले. मग पुण्याच्या मित्राची नोकरी बदलली, आमचे ऑनलाइन तास वाढले आणि ते बंद पडले. बंद करण्यापूर्वी त्याने हिशेब काढला. आम्ही चौघांनी ते बटण एकदाही दाबले नव्हते. सास्तूरच्या मित्राने मात्र आलेला प्रत्येक फोटो ठेवला होता; म्हैस, मिशा, अर्धवट मिटलेले डोळे, आणि चुकून निघालेला कुणाचा तरी अंगठासुद्धा.