चिंचोळ्या बाजूचा चिखल

जुने हुसकून त्या जागी नवे आणणे किती अवघड असते, हे तेलाची बाटली धुणाऱ्या गृहिणीस सांगावे लागत नाही. तेल ओतून टाकले तरी काचेच्या कडेस ते चिकटून राहतेच. खनिज तेलाच्या विहिरी खोदणाऱ्यांस हाच झगडा जमिनीच्या पोटात, हजारो फूट खोल, डोळ्यांना काहीही दिसत नसता करावा लागतो.

खोदताना विहीर मुद्दाम तयार केलेल्या चिखलाने भरलेली ठेवतात. मग तीत पोलादी नळ उतरवून त्याच्या पोटातून पातळ सिमेंट खाली दाबतात. ते तळाशी बाहेर पडते आणि नळ व खडक यांमधल्या फटीतून चिखलास पुढे लोटीत वर चढते. सारा चिखल निघाला, तरच फट कायमची बुजते. परंतु नळ जरा एका अंगास सरकला की फट एकीकडे रुंद व दुसरीकडे चिंचोळी होते. दाब तेवढाच असता, निम्म्या फटीत साध्या द्रवाचाही वेग चौथाईवर येतो. चिखल तर पुरेसा रेटा बसेपर्यंत जागचा हालतच नाही. सिमेंट रुंद बाजूने डौलाने वर जाते. चिंचोळ्या बाजूचा चिखल तिथेच ठाण मांडून बसतो.

हे आधी वर्तविण्याचे गणित आहे. ती गोल फट उलगडून सपाट कल्पावयाची आणि कोणता द्रव कोठे, किती वेगाने सरकेल, ते मांडावयाचे. मेक्सिकोच्या आखातातील मॅकोंडो विहिरीत नळ मधोमध धरण्यासाठी २१ कडी घालावीत, असे अशाच गणितावरून सुचविले गेले होते. घातली अवघी ६. २० एप्रिल २०१० रोजी तेथे स्फोट होऊन ११ माणसे प्राणास मुकली. सिमेंटने तेल व वायू अडविले नाहीत, असे चौकशीत ठरले. एवढ्या अनर्थाचे खापर कड्यांच्या उणिवेवरच फोडता येणार नाही. कारणे अनेक होती. पण गणिताचा इशारा सिमेंट भरण्यापूर्वीच हाती होता, ही गोष्ट मनास डाचते.

इतकी वर्षे वर्गात उभे राहिल्यावर मला याचे नवल मात्र वाटत नाही. ज्ञान मनाच्या रुंद बाजूने सहज चढते. वह्या भरतात, परीक्षा पार पडतात. घाई, अहंता आणि ‘आजवर काही बिघडले नाही’ ही समजूत चिंचोळ्या बाजूस तशीच राहते. वरून पाहणाऱ्यास फट भरलेली दिसते. ती खरोखर भरली की नाही, हे खालून दाब आल्यावाचून कळत नाही.