मुशींची टेकडी

उदयपुरास जाणारा मराठी प्रवासी पिछोला तलावाच्या कांठीं उभा राहतो, राजवाडा पाहतो, एकलिंगजीचें व श्रीनाथजीचें दर्शन घेतो आणि समाधानानें परततो. त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु उदयपुराच्या दक्षिणेस सुमारें ४० किलोमीटरांवर, टीडी नांवाच्या लहानशा नदीजवळ, जावर म्हणून एक गांव आहे. रम्य म्हणावें असें तेथें फारसें नाहीं. जुनीं ओसाड देवळें, उघडे खडक, आणि टेकड्यांच्या अंगांत खोदलेलीं जुन्या खाणींचीं काळीं तोंडें. तथापि आपल्या स्वयंपाकघराचें व देवघराचें एक जुनें नातें त्या उजाड टेकड्यांशीं आहे, आणि तें वाचकांस सांगावें एवढ्यासाठींच हा लेख.

पितळेची घागर, परात, समई घरांत नाहीं असें आपल्यांत कुटुंब विरळा. पितळ म्हणजे तांबें व जस्त यांचें मिश्रण, हें शाळेंतील मुलासही ठाऊक असतें. पण शुद्ध जस्त हातीं लागणें किती बिकट, हें त्यास सहसा कोणी सांगत नाहीं. शिशाचा किंवा तांब्याचा दगड कोळशाबरोबर भट्टींत घातला असतां धातु वितळून खालीं बसतो. जस्ताची गोष्ट निराळी. तें ९०७ अंशांवर उकळतें, आणि दगडांतून सुटावयास मात्र त्यास १००० अंशांच्याही पुढें उष्णता लागते. म्हणजे हा धातु जन्मतांच वाफ होऊन उडून जातो, आणि त्या वाफेस वारा लागला कीं जळून तिची पांढरी राख होते. तेव्हां वाफ कोंडावी, तिला हवा लागूं देऊं नये, आणि कोंडलेल्या जागींच ती थंड करावी, असें तिहेरी संकट. युरोपांत ब्रिस्टल येथील विल्यम चँपियन यानें या कृतीचें पेटंट १७३८ सालीं घेतलें. जावर येथें तीच गोष्ट त्यापूर्वीं कित्येक शतकें नित्याची झाली होती.

या विषयाकडे आमचें लक्ष गेलें तें एका संस्कृत ग्रंथामुळें. ‘रसरत्नसमुच्चय’ हा ग्रंथ वैद्यमंडळींस परिचित आहे. पुण्याच्या आनंदाश्रमानें तो १८९० सालीं छापला. त्यांत खर्पर, म्हणजे जस्ताचा दगड, यापासून सत्त्व काढण्याची कृति आहे. दगडाच्या चूर्णांत हळद, त्रिफळा, राळ, सैंधव, धुराची काजळी, टांकणखार, बिब्बा इत्यादि मिसळून तें मुशींत भरावें. मूस वांग्याच्या आकाराची असावी. तिला बारा अंगुळें लांब नळी असावी, आणि नळीचा शेवट धोत्र्याच्या फुलाप्रमाणें पसरट असावा. निळी ज्वाला पांढरी झाली कीं मूस सांडशीनें धरून पालथी करावी, व नळी मोडणार नाहीं अशा बेतानें हळूच जमिनीवर आपटावी. कथलासारखें चकचकीत सत्त्व खालीं पडतें.

नळी मोडूं नये, ही सूचना मोठी बोलकी आहे. नुसत्या कल्पनेंत रमणाऱ्यास ती सुचावयाची नाहीं. ज्यानें भट्टीपाशीं बसून नळ्या मोडलेल्या पाहिल्या त्यासच सुचावयाची. संस्कृत शिकवितांना आम्हांस दोन प्रकारचे लोक नेहमीं भेटत आले. एक म्हणतात, आधुनिक विद्येंतील एकूण एक शोध आमच्या ग्रंथांत आधींच आहेत. दुसरे म्हणतात, त्या ग्रंथांत भाकडकथांपलीकडे कांहीं नाहीं. दोघांपैकीं कोणीही ग्रंथ उघडून, मग उठून त्यांतील वस्तु कोठें आहे हें पाहावयास जात नाहीं. ही वांग्याची मूस खरोखर असेल तर ती हातांत धरून पाहावी, या हेतूनें आम्ही पुतण्यासह फाल्गुनांत जावर गांठलें.

पेणकरपाड्यास आमच्या वस्तीच्या पूर्वेस राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर दिसतात. भर उन्हाळ्यांतही त्यांवर झाडी असते. जावरच्या टेकड्यांस तें सुख नाहीं. मरुभूमीची वाळू अरवलीच्या पलीकडे राहिली, तरी तिचा कोरडा वारा येथवर पोंचलेला भासतो. थोराचे उभे ताठे, खुरटी बोर, निष्पर्ण पळसाच्या शेंड्यांवर तेवढे केशरी अंगार, आणि मधून मधून तापलेला उघडा खडक. पायवाट होती ती देवळापाशींच संपली. गांवांतील एक भिल्ल तरुण वाटाड्या म्हणून बरोबर घेतला होता, तो म्हणाला, “बाबूजी, येथून पुढें मी पाय ठेवीन तेथेंच पाय ठेवावा.” त्याचें कारण लौकरच कळलें.

पायांखालीं माती नव्हतीच. सगळी चढण खापरांची होती. पाऊल टाकावें तों खापरें खणखणत खालीं घसरत, आणि त्यांबरोबर आपणही वीतभर खालीं. काठी रोवावी तर तिलाही आधार नाहीं. अर्ध्या चढावर वाटाड्यानें हात आडवा केला. झुडपांच्या आड, चार पावलांवर, जुन्या खाणीचें तोंड होतें; वर ना कठडा, ना खूण. त्यानें एक खडा आंत टाकला; आम्ही तीन आंकडे मोजले तेव्हां कोठें तो तळास लागल्याचा आवाज आला. पुतण्या तेथून परत फिरण्याच्या गोष्टी बोलूं लागला, आणि त्याचें म्हणणें वावगें नव्हतें. परंतु वाटाड्यानें दुसऱ्या अंगानें, खडकाच्या कण्यावरून, आम्हांस वर नेलें.

वर एक बांधाची भिंत होती. दुरून ती गोल दगडांची भासली. जवळ जाऊन पाहतों तों दगड एकही नाहीं. सगळ्या भाजलेल्या मुशी, तोंडें बाहेर करून एकीवर एक रचलेल्या! निसटून पडलेली एक हातांत घेतली. आमच्या हातानें लांबी एक वीत व वर चार बोटें. अंग उष्णतेनें कांचेसारखें झिलई चढलेलें. आकार हुबेहूब वांग्याचा. शेजारीं पडलेला नळीचा तुकडा टोंकाशीं पसरला होता, धोत्र्याच्या फुलासारखा. ग्रंथांतील शब्दाचें वजन तळहातावर तोलावयास मिळावें, असा योग शिक्षकाच्या आयुष्यांत वारंवार येत नाहीं. वाटाड्यास आमच्या आनंदाचें नवल वाटलें. तो म्हणाला, “आमच्या गोठ्याची भिंत याचीच आहे. आमच्या ह्या विटा.”

मात्र ग्रंथ आणि टेकडी यांचा मेळ येथें संपतो, आणि खरी विचार करण्याजोगी गोष्ट येथूनच सुरू होते. बडोद्याचें महाराजा सयाजीराव विश्वविद्यालय, लंडनचें ब्रिटिश म्यूझियम आणि हिंदुस्थान झिंक यांनीं मिळून येथें संशोधन केलें, आणि १९८३ सालीं सात भट्ट्यांची एक ओळच उघडकीस आली. एकेका भट्टींत छत्तीस मुशी, सहा-सहांच्या ओळींनीं, प्रथमपासूनच पालथ्या बसविलेल्या. वरच्या दालनांत आग. मध्यें भोंकें असलेली विटांची जाळी. नळ्या त्या भोंकांतून खालच्या थंड दालनांत उतरलेल्या. वाफ खालीं उतरावी आणि तेथेंच गोठावी, अशी योजना. मूस पालथी करतांना आंतील माल सांडूं नये म्हणून नळींत एक काडी बसवीत. ती पुढें जळून जाई आणि वाफेस वाट मोकळी होई. काडीची ही युक्ति वैद्याच्या ग्रंथांत नाहीं. छत्तीस मुशींची भट्टीही नाहीं. ग्रंथकारास औषधापुरतें जस्त हवें होतें, त्यानें एका मुशीची कृति लिहिली. येथील निनांवी कारागिरांनीं, अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणें, सुमारें १ लक्ष टन जस्त काढलें, आणि लिहिलें कांहींच नाहीं.

खाणी तर भट्ट्यांहूनही जुन्या. खडकाशीं आग पेटवून तो तडकवावा आणि मग फोडावा, अशी रीत होती. आंत सांपडलेलीं लांकडें २००० वर्षांहून जुनीं ठरलीं आहेत. पंधराव्या शतकाच्या अखेरीस हें गांव इतकें संपन्न होतें कीं राणा कुंभाची कन्या रमाबाई हिनें येथें देऊळ बांधविलें. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत काम बंद पडलें. कर्नल टॉड यानें १८२९ सालीं प्रसिद्ध केलेल्या राजस्थानच्या इतिहासांत खाणी पाण्यानें भरल्याचें व खाणकाम जाणणारी मूळ जात नाहींशी झाल्याचें नमूद केलें आहे. पाणी उपसतां येतें. नाहींशी झालेली विद्या उपसतां येत नाहीं. गेल्या शतकांत नव्या यंत्रांनीं खाणी पुन्हा सुरू झाल्या. पण काडीची युक्ति कळावयास भट्ट्या उकरून काढाव्या लागल्या.

म्हणून ग्रंथांत सर्व कांहीं आहे म्हणणाऱ्यास आम्ही सांगूं, कीं जें होतें त्यांतील मोठा भाग ग्रंथांत उतरलाच नाहीं. लेखणी ज्यांच्या हातीं होती ते भट्टीपाशीं क्वचितच बसले, आणि भट्टीपाशीं बसणाऱ्यांच्या हातीं लेखणी कोणी दिली नाहीं. आणि ग्रंथांत कांहीं नाहीं म्हणणाऱ्यास सांगूं, कीं तें वांगें आम्हीं हातांत घेतलें आहे.

वाचकांपैकीं कोणी जावरास गेल्यास सकाळींच जावें, पाणी भरपूर न्यावें, जाड तळव्यांचे जोडे घालावे आणि गांवचा वाटाड्या घेतल्यावांचून वाट सोडूं नये. खाणीच्या तोंडाशीं वांकून पाहूं नये. आणि मूस कितीही मोह पाडो, ती जेथली तेथेंच ठेवावी. ती कोणाच्या तरी भिंतीची वीट आहे.