जळलेली चादर आणि नातवाची यादी



बारावी झालेली मुले आता कॉलेजला निघाली आहेत. आपल्यापैकी कितीतरी घरांत खाकऱ्यांचे डबे भरून झाले असतील, चादरी-टॉवेल बॅगेत गेले असतील. आणि शेवटी मुलांनी मोबाइलवर एक यादी पुढे केली असेल: चार्जर, केबल, पॉवर बँक, माउस, हेडफोन, एक्स्टेन्शन बोर्ड, बॅग. ती यादी बघून आपण दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर "तुमचे तुम्हालाच कळते" म्हणून पैसे देऊन मोकळ्या होतो, नाहीतर "एवढे महाग कशाला" म्हणून स्वस्तात उरकतो. मी दुसऱ्या जातीची. त्यातून माझ्याकडून जे घडले, ते आज लिहिते आहे.

गेल्या वर्षी माझी नात पुण्याला हॉस्टेलवर गेली. तिच्या नव्या मोबाइलच्या डब्यात चार्जर नव्हता. हल्ली बऱ्याच कंपन्या फक्त केबल देतात. ती म्हणाली, कंपनीचा चार्जर बारा-तेराशेला आहे. मी बी.कॉम. झालेली, घरचा हिशोब चाळीस वर्षे माझ्या वहीत. मी म्हटले, एवढ्याशा डबीला तेराशे रुपये? बाजारात रस्त्याकडेला एकाकडे तसाच दिसणारा दीडशेला मिळाला. वर तिला अपरिग्रहाचे दोन शब्दही ऐकवले. ती काही बोलली नाही.

दिवाळीला ती घरी आली. धुण्यासाठी तिची चादर उलगडली तर उशाच्या बाजूला तळहाताएवढा तपकिरी डाग. कापड कडक झालेले, मधोमध भोक. मी विचारले, तेव्हा आधी म्हणाली इस्त्री लागली. मग सून जवळ बसली आणि खरे बाहेर आले. रात्री फोन चार्जिंगला लावून ती झोपली होती आणि बोर्ड पलंगावरच होता. जळका वास आला म्हणून शेजारची मुलगी उठली. तिने भिंतीवरचे बटण बंद केले. चार्जरचे प्लास्टिक वितळून चादरीला चिकटले होते. हे सप्टेंबरातले. तेव्हापासून ती मैत्रिणीचा चार्जर मागून वापरत होती.

मी म्हटले, "अगं, फोन तरी करायचास!" तर म्हणाली, "आजी, चार्जर तू आणला होतास. तुला वाईट वाटले असते."

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. पाणी गाळून पिणारी मी. भाजी निवडताना पानामागची अळी शोधणारी मी. आणि नातीच्या उशाशी काय ठेवले, ते एकदाही उलटून पाहिले नाही. जयणा म्हणजे हेच ना, की जे करतो ते बघून करायचे? आणि मी ज्याला अपरिग्रह म्हणत होते ती कंजुषी होती. परिग्रह-परिमाण व्रत सांगते की वस्तूंची मर्यादा बांधा. ते असे कुठेही सांगत नाही की जी घ्याल ती हलकी घ्या. कंजुषीत तर आपण वस्तू कमी घेतच नाही. एकच वस्तू तीनदा घेतो.

यंदा नातू नाशिकला निघाला. यादी चौदा वस्तूंची, बेरीज साडेअकरा हजार. त्याला ग्रँट रोडला लॅमिंग्टन रोडवर जायचे होते. मी म्हटले, जाऊ, पण आधी बसू. नातीला पुण्याहून फोनवर घेतले आणि वहीत तीन रकाने पाडले. पहिला, भिंतीतल्या विजेला लागणाऱ्या किंवा वीज साठवणाऱ्या वस्तू. दुसरा, शरीराला लागणाऱ्या. तिसरा, दिसण्यासाठीच्या. ठरवले असे की पहिल्या रकान्यात पैशाकडे बघायचे नाही, दुसऱ्यात सोयीकडे बघायचे आणि तिसऱ्यात शक्य तेवढी फुली मारायची.

पहिल्या रकान्यात चार्जर. घरातल्या प्लगमध्ये 230 व्होल्ट असतात आणि मोबाइलला साधारण 5 ते 20 व्होल्ट लागतात. या दोहोंच्या मध्ये जे आवरण आणि अंतर असावे लागते, तिथेच नकली चार्जरवाले पैसे वाचवतात. वरून डबी तीच दिसते. म्हणून डबी नाही, छापलेला मजकूर वाचायचा. आपल्याकडे मोबाइलच्या चार्जरला आणि पॉवर बँकेला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. वस्तूवर ब्युरोची खूण असते आणि 'आर' अक्षरापुढे आठ आकडी नंबर असतो. ब्युरोचे 'बीआयएस केअर' नावाचे ॲप आहे, त्यात हा नंबर टाकला की कंपनीचे नाव येते. नंबर आहे एवढ्यावर समाधान मानू नका, कारण नंबर कोणीही छापू शकतो. ॲपमधली माहिती आणि हातातला ब्रँड जुळतो का ते बघा. वजनदार चार्जर चांगला असे लोक म्हणतात, पण त्यावर भरवसा नको.

दुसरी गोष्ट वॉट. हा हिशोब आपल्याला जमण्यासारखा आहे: व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट. 5 व्होल्ट आणि 2 अँपिअर म्हणजे 10 वॉट. नातवाच्या लॅपटॉपला 65 वॉट लागतात आणि तो टाइप-सी पिनने चार्ज होतो. म्हणून 65 वॉटचा एकच चांगला चार्जर घेतला, त्यावर लॅपटॉपही चालतो आणि मोबाइलही. चार्जरवर 'पॉवर डिलिव्हरी' किंवा 'पीडी' लिहिलेले असावे. मात्र आधी तुमच्या लॅपटॉपची टाइप-सी पिन चार्जिंग घेते का ते बघा, सगळ्या घेत नाहीत. काही मोबाइल कंपन्यांचे अतिवेगवान चार्जिंग त्यांच्याच चार्जरवर चालते. दुसऱ्यावर फोन चार्ज होतो, पण हळू. विद्यार्थ्याला तेवढे पुरे.

केबलही वाचून घ्यायची. काही स्वस्त केबल फक्त चार्जिंग करतात, त्यातून फाइली जात नाहीत. 3 अँपिअरची टाइप-सी केबल 60 वॉटपर्यंत चालते, त्यापुढे 5 अँपिअरची लागते. आमच्या ड्रॉवरमध्ये सतरा जुन्या केबल निघाल्या, प्रत्येकीची पिन वेगळी. आता ते दिवस सरत आले. युरोपने 28 डिसेंबर 2024 पासून नव्या मोबाइलना टाइप-सी सक्तीची केली आणि ॲपलनेही 2023 मध्ये आयफोन 15 पासून तीच पिन आणली. त्यामुळे आज घेतलेली चांगली टाइप-सी केबल बरीच वर्षे उपयोगी पडेल.

पॉवर बँकेवर 10,000 एमएएच असे मोठ्या अक्षरात लिहिलेले असते. तो आकडा आतल्या बॅटरीच्या 3.7 व्होल्टवरचा असतो. मोबाइलला 5 व्होल्टवर देताना त्यातले साधारण सहा हजारच हाती येतात, आणि ते बारीक अक्षरात 'रेटेड कपॅसिटी' म्हणून छापलेले असते. आपल्या भाषेत, पहिला आकडा विक्रीचा आणि दुसरा निव्वळ नफ्याचा. 10,000 पुरेसा आहे. बँक फुगलेली दिसली तर त्याच दिवसापासून वापर बंद. विमानात ती हातातल्या बॅगेतच न्यावी लागते, सामानात टाकता येत नाही.

आणि बोर्ड. याला तीन पिनांचा प्लग हवा, म्हणजे अर्थिंग मिळते. बोर्डवर 6 अँपिअर लिहिले असेल तर 230 ने गुणा: 1,380 वॉट. पाणी गरम करायची किटली बहुधा 1,500 वॉटची असते. म्हणजे त्या बोर्डवर किटली लावायचीच नाही. चौविहाराच्या आधी गरम पाणी हवे म्हणून आपली मुले नेमके हेच करतात! त्यांना थर्मास द्या. बोर्ड जमिनीवर किंवा टेबलावर राहील. पलंगावर नाही, उशीखाली तर मुळीच नाही, कारण चांगला चार्जरही झाकला की तापतो.

दुसरा रकाना शरीराचा. माउस साधा, हातात मावणारा. हेडफोन त्याला बिनवायरचे हवे होते. मी विचारले, वायरच्यात काय वाईट? चार्ज करावा लागत नाही, हरवत नाही, बॅटरी मेली म्हणून फेकावा लागत नाही. हसून तयार झाला. फक्त फोनला कोणते छिद्र आहे ते बघून पिन निवडली. कानांसाठी जागतिक आरोग्य संघटना सांगते की आवाज पूर्ण क्षमतेच्या 60 टक्क्यांच्या आत ठेवा आणि मधून मधून कानांना विसावा द्या. हे मी त्याच्याकडून कबूल करून घेतले.

लॅपटॉपचा पडदा डोळ्यांच्या उंचीला आला तर मान दुखत नाही. त्यासाठी वेगळा कीबोर्ड जोडावा लागतो, तो घरात पडून होताच. नातवाने खाली पुस्तकांची चळत लावली आणि मी ओरडले. ज्ञानाची आशातना! शेवटी माळ्यावरचा जुना चौरंग निघाला. उंची अगदी बरोबर. स्टँडवर फुली.

बॅगेकडे मात्र नीट बघा. लॅपटॉप बॅग आणि मोबाइलची पाकिटासारखी कव्हरे यांच्यावर 'जेन्युइन लेदर' असते आणि मुले ते कौतुकाने घेतात. ते चामडे आहे. 'पीयू' लिहिले असेल तर ते कापडावर चढवलेले प्लास्टिक. आम्ही जाड कापडाची बॅग ठेवली आणि लॅपटॉपचे आवरण सुनेने घरीच शिवले, आत जुन्या गोधडीचा थर आणि बाहेर जाड सुती कापड. मागांच्या गावात राहून कापड बाहेरून कशाला आणायचे?

तिसऱ्या रकान्यात रंगीत दिव्यांचा कीबोर्ड, रिंग लाइट, मोबाइलचे दुसरे कव्हर, आणखी एक इयरबड. सगळ्यांवर फुली त्याने स्वतः मारली. आठवे व्रत अनर्थदंडाचे, म्हणजे विनाकारण होणारी हिंसा टाळायची. मी त्याला एवढेच सांगितले की अशी वस्तू बिघडली की भंगारात जाते, आणि तांब्यासाठी कुठेतरी उघड्यावर वायरी जाळल्या जातात. तो धूर कोणत्या जीवांवर जातो ते आपल्याला दिसत नाही, एवढेच. ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत आणि कंपन्यांवर जुना माल गोळा करण्याची जबाबदारी आहे. आमच्या सतरा केबलांपैकी चार कामाच्या निघाल्या. बाकीच्या घंटागाडीत न टाकता पिशवीत बांधल्या आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर दिल्या.

शेवटचा हिशोब असा. चार्जर 1,800, केबल 400, पॉवर बँक 1,200, बोर्ड 700, माउस 450, हेडफोन 600, कव्हर आणि काच 350. एकूण 5,500 रुपये. साडेअकरा हजारांच्या निम्म्याहून कमी, आणि त्यातले 4,100 पहिल्या रकान्यात. जिथे गेल्या वर्षी मी दीडशे रुपये टाकले होते. सगळ्याची पक्की बिले घेतली, वॉरंटीला लागतात.

लॅमिंग्टन रोडला जावे लागले नाही. थोडे इथल्या ओळखीच्या दुकानातून घेतले, थोडे ऑनलाइन मागवले. मानकोली, पूर्णा, काल्हेर या भागात एवढी मोठी गोदामे आहेत की पार्सल आपल्याच वेशीवरून आले असेल. पूर्वी मुंबईची जकात चुकावी म्हणून गोदामे आपल्याकडे आली. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, जकात गेली, गोदामे राहिली. पण गोदाम शेजारी आहे म्हणून माल खरा होत नाही. ऑनलाइन घेताना विकणारा कोण तेही वाचा, आणि वस्तू हातात आली की नंबर तपासा.

नातीलाही एक चार्जर पाठवला. तसाच, 65 वॉटचा. तो त्या 5,500 मध्ये धरलेला नाही. तो माझ्या खात्यावरचा.

संवत्सरीच्या प्रतिक्रमणानंतर आपण सगळ्यांना मिच्छामि दुक्कडं म्हणतो. फोनवर, मेसेजवर, शंभर जणांना एकदम. दिवाळीपासून मी नातीला ते म्हटले नव्हते, मोठेपणा आड येत होता. यंदा पहिला फोन तिला केला आणि चादरीचे नाव घेऊन म्हटले. ती म्हणाली, "आजी, माझे पण. इस्त्री लागली असे खोटे बोलले होते." मग आम्ही दोघी बराच वेळ काहीच बोललो नाही.

ती चादर मी फेकलेली नाही. ड्रॉवरमध्ये घडी करून ठेवली आहे. खरेदीला निघताना दिसते.

तुमच्या घरातले मूल निघायच्या आधी त्याचा चार्जर एकदा उलटा करून वाचा. चष्मा लागेल, अक्षरे फार बारीक असतात.

जय जिनेंद्र.