हजीऱ्याची बोट आणि अव्वांची गुळिगे

प्रवासाला निघायचं म्हटलं की आमच्या निपाणीच्या घरात आदल्या रात्री एकदा तरी आवाज चढायचाच. बॅगेची चेन लागत नाही, मुलाचा एकच मोजा सापडतो, हे गाडीची किल्ली हातात घेऊन दारात उभे, आणि अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई, देवघरातून विचारणार, "एल्ला तगोंडीयेन?" सगळं घेतलंस ना? बारा वेळा हे ऐकलं की सहल नको पण प्रश्न आवर, असं व्हायचं.

2023 च्या नाताळच्या सुट्टीत सोमनाथला जायचं ठरलं, तेव्हा मात्र मी पण केला की या वेळी टेन्शन घ्यायचं नाही. कारणही तसंच होतं. मामंजी गेल्यापासून अव्वा गावाबाहेर पडल्या नव्हत्या. सोमनाथ दोघांनी मिळून बघायचं राहून गेलं होतं. खूप आढेवेढे घेऊन त्या तयार झाल्या. वाटेत काही त्रास झाला असता तर त्यांनी पुन्हा उंबरा ओलांडला नसता, हे आम्ही दोघंही न बोलता जाणून होतो.

सुरतेहून भावनगरला रस्त्यानं जायचं तर खंभातच्या आखाताला वळसा पडतो, सुमारे 370 किलोमीटरचा. हजीऱ्याहून बोटीनं गेलं तर अंतर 90 किलोमीटरवर येतं. ही हजीरा-घोघा बोट 8 नोव्हेंबर 2020 ला सुरू झाली. माणसांबरोबर मोटारी आणि मालट्रकही तिच्या पोटात बसतात. त्याआधी 2017 पासून घोघा-दहेज बोट होती, पण दहेजकडे गाळ साचून ती बंद पडली. अव्वांच्या गुडघ्यांना मोटारीतली बैठक जास्त सोसत नाही, म्हणून आम्ही बोट धरली.

तयारी आठ दिवस आधीच सुरू केली. माजघरातल्या कॉटवर बॅगा उघड्याच ठेवल्या. ज्याला जे आठवेल ते त्यानं आणून टाकायचं. निघण्याच्या दोन दिवस आधी बसून त्यातलं निम्मं बाहेर काढलं. हे काढणंच खरं पॅकिंग, घालणं सोपं असतं. माझ्या तीन जरीच्या साड्या कपाटात परत गेल्या. यांचा लोखंडी पाने-पक्कडांचा डबा मात्र हटला नाही, त्यावर मी वाद घातला नाही. खाण्याचं खातं अव्वांकडे. कडक भाकरी, शेंगाचटणी, त्यांच्या माहेरचं गोकाकचं करदंट, आणि माझ्या गडहिंग्लजच्या आईनं पाठवलेला चिवडा. अर्धी शिदोरी कन्नड, अर्धी मराठी, आमच्या घरासारखीच.

एक पिशवी वेगळी केली. बोटीवर गाडी खालच्या मजल्यावर लावली की माणसांनी वर जाऊन बसायचं आणि बोट चालू असताना खाली उतरायचं नाही, हे यांनी आधीच चौकशी करून ठेवलं होतं. म्हणजे चार तास जे लागेल ते हातात हवं. तिकिटं, ओळखपत्रं, गाडीचे कागद, पाणी, शाल, आलेपाक, न्याहारी. यादी अव्वांनी कन्नडमध्ये सांगितली आणि चौथीतल्या चिरंजीवांनी स्केचपेननं देवनागरीत लिहून फ्रिजवर चिकटवली. दुसऱ्या दिवशी त्यावर बाटलीतलं पाणी सांडलं. शेवटची ओळ पुसट झाली होती. मी ती वाचली "गूळ", आणि एक छोटा खडा डबीत घालून पिशवीत टाकला. उन्हातून आल्यावर गूळपाणी घ्यायची अव्वांची सवय मला ठाऊक होती, त्यामुळे शंकाही आली नाही.

निपाणीतून जाणारा 48 क्रमांकाचा महामार्गच पुणे-मुंबईवरून सुरतेच्या दाराशी नेतो. पहिला मुक्काम पुण्यात, दुसरा सुरतेत. तिथं उधना-लिंबायत भागात कानावर खानदेशी मराठी पडली आणि अव्वा म्हणाल्या, "इथंही आपलेच!" संध्याकाळी हजीऱ्याजवळच्या सुवालीच्या किनाऱ्यावर गेलो. तापीचं मुख उथळ, म्हणून जुन्या काळी मोठी जहाजं सुवालीला नांगर टाकत आणि माल तिथून सुरतेला जाई. 1612 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज इथल्याच समुद्रात लढले. 1615 मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो इथं उतरला, तो जहांगीर बादशहासाठी नजराण्यात चक्क एक घोडागाडी घेऊन. सामानाच्या झडतीवरून सुरतेच्या जकातवाल्यांशी त्याचे खटकेही उडाले. ते ऐकून हे म्हणाले, "बघ, जहाजातून गाडी नेणारे आपण पहिले नव्हे." मी म्हटलं, त्याच्या बायकोनं यादी केली नसेल एवढंच.

हजीरा म्हणजे रम्य बंदर अशी कल्पना करून कुणी जाऊ नये. वाटेत खताचा कारखाना, पोलादाचा कारखाना, वायूच्या टाक्या, धुराडी आणि ट्रकांच्या रांगा. नागपूर, पारादीपकडे जाणारा 53 क्रमांकाचा महामार्ग इथूनच निघतो. पाणी गढूळ, मातकट. या आखाताची भरती-ओहोटी मोठी जबर, भावनगरकडे तर पाण्याच्या पातळीत दहा मीटरच्या आसपास फरक पडतो. म्हणून बोटीची वेळ आदल्या दिवशी फोन करून पक्की करावी आणि तासभर आधी पोचावं. आम्ही पोचलो. गाडी बोटीच्या पोटात शिरताना मुलं टाळ्या पिटत होती.

वर खिडकीजवळ जागा मिळाली. भाकरी-चटणी झाली, किनारा मागे पडत होता. अव्वांनी पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "गुळिगे कोडु."

मी पिशवीत हात घातला आणि डबी लागली. उघडली तर गूळ.

क्षणभर काही सुचेना. मग लख्ख उजेड पडला. अव्वा गुळाला कधी गूळ म्हणतच नाहीत, त्या बेल्ल म्हणतात. पुसलेल्या ओळीत होतं ते गुळिगे, म्हणजे गोळ्या! रक्तदाबाच्या गोळ्यांचा डबा मी स्वतः मोठ्या बॅगेत ठेवला होता, आणि बॅग खाली गाडीत. ज्या घरात वीस वर्षं दोन भाषा नांदतात तिथं माझ्याकडून हे व्हावं!

हे खाली जाण्याबद्दल विचारून आले. कर्मचाऱ्यांनी सुरक्षेचा नियम नीट समजावून सांगितला. मागच्या बाकावरच्या एका बाई लगेच पर्स उघडून म्हणाल्या, माझ्याकडे बीपीची गोळी आहे, घ्या. मोह झाला, खोटं कशाला सांगू? पण मोबाइलला अजून रेंज होती, म्हणून आधी निपाणीच्या आमच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "त्यांची गोळी चार तास उशिरा घेतली तर चालेल, पण दुसऱ्याची मुळीच देऊ नका. त्यांना स्वस्थ बसू द्या." थोड्या वेळानं रेंज गेली.

ते तास फार लांबले. मी सारखी अव्वांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्या मात्र शाल गुंडाळून समुद्राकडे पाहत होत्या. शेवटी त्याच म्हणाल्या, "सारखी माझ्याकडं बघू नकोस, त्यानंच बीपी वाढंल." मग मामंजींची गोष्ट निघाली. त्यांनी एकदा धारवाडच्या लग्नाला आहेराऐवजी वाण्याच्या सामानाची पुडकी नेली होती. त्या हसल्या, मुलंही हसली. गुळाचा खडा मुलांनी वाटून खाल्ला.

घोघ्याला गाडी बाहेर पडल्या पडल्या पहिलं काम गोळीचं. भावनगरच्या हॉटेलात रक्तदाब मोजून घेतला, काळजीचं काही नव्हतं. पुढचं सोमनाथ, समुद्रावरची सांजआरती, सगळं ठरल्यासारखं झालं. देवळात अव्वा बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या. आम्ही बाजूला थांबलो.

परतीच्या दिवशी घोघ्याच्या धक्क्यावर मी पिशवी पुन्हा पुन्हा तपासत होते. अव्वांनी कमरेची चंची काढून माझ्यासमोर धरली. तिला त्या संची म्हणतात, एका अक्षराचाच फरक. पान-सुपारीच्या कप्प्यात गोळ्यांची पट्टी नीट घडी करून ठेवली होती.

"एल्ला तगोंडीयेन?" मी विचारलं.

"नंदु नान तगोंडीनि," अव्वा म्हणाल्या. माझं मी घेतलंय. "निंदु नी नोडको." तुझं तू बघ.