जासईचा वीकेण्ड, माझे चार अंदाज

मॉल झाले, मल्टिप्लेक्स झालं, लोणावळ्याचं ट्रॅफिकही सहन करून झालं. या वीकेण्डला भाताच्या शेतात बसून क्रिकेट बघा. कोण जिंकणार, ते आधीच सांगून ठेवते!

शनिवारी सकाळी नऊ वाजता तुमचा अलार्म तिसऱ्यांदा स्नूझवर गेलेला असतो ना? बरोबर त्याच वेळी जासईच्या शेतात टॉस उडालेला असेल. समालोचक माईकवर घसा साफ करत असेल, आणि माझा मामा बांधावर उकिडवा बसून आभाळाकडे नाही, तर झाडाच्या शेंड्याकडे बघत असेल. शेंडा कुठल्या बाजूला झुकतोय, यावरून तो मॅच सांगतो. चेष्टा नाही! गेल्या सीझनला त्याने माझ्याकडून नऊ वडापाव जिंकलेत.

जासई कुठे, असं विचारू नका. तुम्ही तिथून गेलेले आहात. बेलापूरहून उरणकडे जाताना गव्हाण फाटा ओलांडला की कंटेनरच्या ट्रेलरमागे अडकून तुम्ही ज्या गावाची पाटी वाचत बसता, तेच हे. आपण सगळेच ते काच वर करून बघतो. मी नाही, कारण ते माझं आजोळ आहे.

टेनिस क्रिकेटचा या पट्ट्यातला फंडा एकदम सोपा. पाऊसभर जिथे भात असतो, तिथेच भात कापून झाला की ग्राउंड तयार होतं. मधले बांध सपाट करायचे, पट्टीवर पाणी मारून रोलर फिरवायचा, चुन्याने रेघा ओढायच्या. एका बाजूला मंडप, दुसऱ्या बाजूला ट्रॅक्टरची ट्रॉली म्हणजे आमचं व्हीआयपी स्टॅण्ड. सहा षटकांची मॅच, अर्ध्यापाऊण तासात खल्लास. मालिकावीराला मोटरसायकल. ती मंडपात स्टेजवर हार घालून उभी असते आणि गावातली सगळी लहान पोरं तिच्या आरशात तोंड बघून जातात. (आता गंमत बघा. शिवडीहून निघालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू शेजारच्या चिरल्याला येऊन उतरतो, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. म्हणजे जिंकलेली गाडी घेऊन पठ्ठ्या मुंबईला जाणार तो वाशी फिरूनच!)

आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम: एक गाव, एक संघ. बाहेरचा खेळाडू चालत नाही. उलव्यात टॉवरमध्ये फ्लॅट घेऊन राहणारा चालत नाही, भाचाही चालत नाही. भाचीचा तर प्रश्नच नाही, हे मला सहाव्या वर्षीच सांगण्यात आलं होतं. २ नोव्हेंबर २०२५ ला इथून जवळच, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर हरमनप्रीतच्या टीमने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून वर्ल्ड कप घेतला. तेव्हा मामीने भाकऱ्या थापता थापता विचारलं होतं, "आपल्या गावान पोरींची टीम कवा काढता?" मामा टीव्हीचा आवाज वाढवून मोकळा झाला.

२०२४ पासून टेनिस बॉलचीही लीग आलीय, टीव्हीवर, लिलावाबिलावासकट. ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर पहिला सीझन झाला. मामाने तो इमानदारीत बघितला आणि एकच शंका काढली, "सगला बरोबर हाय, पन यांचा गाव कंचा?"

तर आता अंदाज. जासई आणि सोनारी सेमीफायनलला पोचलेत. बाकीचं या शनिवार-रविवारी.

शनिवार, सकाळ: धुतूम विरुद्ध गव्हाण

धुतूम म्हणजे नकाशावर तेलाच्या टाक्या. आमच्यासाठी धुतूम म्हणजे लेगसाइडला उचलून मारणारी पोरं. गव्हाणची बॉलिंग कागदावर जास्त भारी आहे, यॉर्कर तर असे टाकतात की फलंदाजाने आधी पाय वाचवावेत. पण सकाळची मॅच आहे, आणि जानेवारीत शेतात दव असतं. टेनिस बॉलची लव भिजली की बॉल जड होतो, हातातून सुटतो, यॉर्करचा फुलटॉस होतो. मामाचा नियम ठरलेला: "सकालची म्याच, टॉस जिकला तं बॅटिंग दुसरी घ्याची नाय." ऊन चढलं की बॉल सुकतो आणि पाठलाग करणाऱ्याची पंचाईत होते. टॉस कुणीही जिंको, माझा अंदाज धुतूम, दहा धावांनी.

शनिवार, दुपार: पागोटे विरुद्ध चिरले

ही मॅच चुकवू नका! दोन्ही गावांची नावं हल्ली पेपरात येतात ती रस्त्यांमुळे. चिरले म्हणजे सेतूचं टोक. पागोटे म्हणजे पागोटे ते चौक या सहापदरी महामार्गाचं टोक, ज्याला मार्च २०२५ मध्ये केंद्राने मंजुरी दिली. देशाला ही गावं इंटरचेंज म्हणून माहीत होणार. इथल्या म्हाताऱ्यांना विचारा, ते सांगतील की पागोट्याची फिल्डिंग तीन पिढ्या टाइट आहे आणि चिरल्याचे ओपनर पहिल्या षटकात आउट झाले नाहीत तर मॅच संपली म्हणून समजा.

दुपारी दोननंतर खाडीकडून वारा सुटतो. टेनिस बॉल हलका, वाऱ्यावर मारलेला शॉट सीमारेषेपलीकडे पडतो आणि वाऱ्याविरुद्ध मारलेला तोच शॉट मधेच कॅच होतो. पागोट्याचे दोन्ही हिटर वाऱ्याच्या उलट्या बाजूला मारणारे. सॉरी पागोटे! चिरले, आणि तेही षटक राखून.

शनिवारी रात्री थांबता आलं तर थांबा. पोपटी लागेल. मडक्याला आतून भांबुर्डीचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, पाण्याचा एक थेंब नाही. मडकं पालथं घालून भोवती जाळ करायचा. अर्ध्या तासाने जो वास येतो, त्याचं वर्णन करायला मास कॉमच्या डिग्रीत शिकवलं नाही. उद्याच्या सगळ्या मॅच इथेच एकदा तोंडी खेळून होतात.

इथेच मला जासईची बाकीची गोष्टही कळली, पुस्तकातून नाही. दि. बा. पाटील याच गावचे, जन्म १३ जानेवारी १९२६. पनवेलचे पाच वेळा आमदार, दोनदा खासदार. नवी मुंबईसाठी सिडको जमिनी घेत होती, मोबदल्यावरून लोक पेटले होते. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दास्तान फाटा आणि नवघरला गोळीबार झाला, पाच जण गेले. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. मामा तेव्हा अकरा वर्षांचा होता. त्याला आठवतं ते एवढंच, की घरातले सगळे पुरुष बाहेर होते आणि आजीने दाराला आतून कडी लावली होती. दर वर्षी १६ जानेवारीला गावात हुतात्म्यांना अभिवादन होतं. त्याच आठवड्यात शेतात रोलर फिरत असतो. मला लहानपणी हे विचित्र वाटायचं. आता वाटत नाही. ज्या शेतासाठी भांडले, त्यातलं जे उरलं त्यावरच तर खेळतात.

रविवार, सकाळ: जासई विरुद्ध धुतूम

(दुसरी सेमीफायनल सोनारी विरुद्ध चिरले. चिरले जिंकणार, पुढे चला.)

आता माझी खरी परीक्षा. जासईकडून शेवटचं षटक टाकतो तो माझा मामेभाऊ. दिवसा बंदरातल्या एका यार्डात नोकरी, रात्री अंगणात बल्ब लावून एका स्टंपवर प्रॅक्टिस. शेवटच्या षटकात दहा धावा वाचवायच्या असतील तर या पट्ट्यात त्याच्यासारखा बॉलर नाही, हे मी बहीण म्हणून सांगत नाहीये. पण जासईची बॅटिंग दोन माणसांवर उभी आहे आणि त्यातल्या एकाची शनिवारी हळद आहे! स्वतःची! रात्रभर नाचून सकाळी दहाला तो किती उभा राहणार?

मामाला विचारलं. त्याने विडी विझवली. "आपला पोरगा हाय म्हून काय झाला? हरनार तं हरनार. धुतूम."

मी पत्रकार आहे, मला तटस्थ राहायला शिकवलंय वगैरे वगैरे. धुतूम, तीन धावांनी. मामेभावाने हे वाचलं तर पुढचे सहा महिने मला स्टेशनवर घ्यायला येणार नाही. पण शेवटचं षटक तो चांगलंच टाकेल, तेवढं लिहून ठेवते.

रविवार, संध्याकाळ: फायनल

फायनल फ्लडलाइटखाली. वारा पडलेला असतो, दव पुन्हा उतरायला लागतं, म्हणजे सकाळच्या गणिताच्या बरोब्बर उलटं. संध्याकाळी नंतर बॅटिंग करणाऱ्याला भिजलेल्या बॉलचा फायदा. टॉसला इथे पन्नास टक्के मार्क. चिरल्याने टॉस जिंकला तर चिरले, सहज. धुतूमने जिंकला तरी चिरले, पण शेवटच्या षटकात. मोटरसायकल चिरल्याच्या ओपनरला. मामा मात्र म्हणतो धुतूम. वडापाव क्रमांक दहा पणाला आहे.

एक अंदाज मात्र त्याच्याकडून निघाला नाही. हे ग्राउंड ज्या शेतात आहे ते दोन चुलत भावांचं, मामाच्या नात्यातलं. दिवाळीनंतर गोदामवाले येऊन टेप लावून मोजून गेले. एक भाऊ तयार आहे, एक नाही. चालताना पाहिलं, मिडविकेटच्या बाउंड्रीला एक सिमेंटचा खुंटा रोवलाय, त्याला पोरांनी झेंडी बांधलीय.

"मामा, पुढच्या वर्षी टूर्नामेंट कुठे?"

तो झाडाच्या शेंड्याकडे बघत राहिला.

"जमिनीचा मना इचारू नको. म्याचचा इचार."

कसं जाल? नेरूळ किंवा बेलापूरहून उरण लोकल, खारकोपरला उतरून रिक्षा. रिक्षावाल्याला फक्त "मॅचला" म्हणा. टोपी आणि पाण्याची बाटली न्या, पांढरे शूज नेऊ नका. एन्ट्री फ्री. ट्रॉलीवर जागा हवी असेल तर साडेआठच्या आत पोचा, आणि विडी ओढत झाडाकडे बघणारा माणूस दिसला तर त्याच्याशी पैज लावू नका.